'चाचणी' पाहिलात का?

कवळीवाल्यांच्या हातून आजवर एकही कवळी चाचणीशिवाय बाहेर गेली नव्हती. आधी मेणात दात बसवायचे, ते मेण दातांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, डॉक्टरांनी ते पेशंटच्या तोंडात घालून बघायचं, पेशंटने त्यावर नाक मुरडायचं, आणि मग कुठे पक्की कवळी. त्या मेणाच्या डबीवर ते लाल पेनाने ठसठशीत 'चाचणी' लिहीत. कारण एकदा एका कंपाउंडरने मेणाचीच कवळी पेशंटच्या हातात ठेवली होती आणि त्या आजोबांनी घरी जाऊन ती तोंडात घालून गरमागरम चहा प्यायला होता. पुढचं काही विचारू नका. तेव्हापासून कुठलंही नवं काम हातात घेतलं की कवळीवाल्यांचा हात आधी 'चाचणी' लिहायचा आणि मग डोकं चालायचं.

हा माणूस नुसते दात करत बसला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्यांना सिनेमाचं वेड! बारा वर्षांपूर्वी त्यांनी इंटरनेटवर 'तिसरी रांग' नावाचा सिनेमावाल्यांचा ग्रुप काढला आणि तेव्हापासून तेच त्याचे ॲडमिन. आज ग्रुपात सहाशे माणसं होती आणि सहाशेच्या सहाशे जाणकार. साधा प्रेक्षक औषधालासुद्धा सापडायचा नाही. चुकून एखादा आत शिरलाच, तर दोन दिवसांत कोणीतरी त्याला 'अरेरे, तुम्ही हा अजून पाहिला नाहीत?' असं विचारून जाणकार करून टाकायचं.

त्यातही तिघं विशेष. एक प्राध्यापक. ते कुठे शिकवतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण लिहायचे असं की वाचणारा परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम व्हावा. दुसऱ्या वकीलबाई. ग्रुपचे तेवीस नियम त्यांनी एकटीने लिहिले होते आणि त्यातले बावीस त्यांनाच पाठ होते. तिसरा विमा एजंट, पण त्याला त्या नावाने कोणी ओळखत नसे. ग्रुपात त्याचं नाव 'आधीच'. कुठल्याही सिनेमाचं नाव काढा, याचं उत्तर ठरलेलं: "आधीच पाहिला." आज सकाळी प्रदर्शित झालेला सिनेमासुद्धा त्याने काल पाहिलेला असायचा. आता बोला!

दर वर्षअखेरीला ग्रुपात मतदान व्हायचं. प्रत्येकाला तीन मतं. सर्वांत जास्त मतं मिळवणारा सिनेमा गावातल्या शेवटच्या उरलेल्या थिएटरात एका रविवारी सकाळी लावायचा. थिएटरच्या मॅनेजरांच्या आईची कवळी कवळीवाल्यांनी केली होती आणि ती इतकी फक्कड बसली होती, की मॅनेजर त्यांना नाही म्हणूच शकत नसत. यंदा मात्र मॅनेजर म्हणाले, "हा शेवटचा खेळ हं. पुढच्या महिन्यात इथे फर्निचरचं दुकान होतंय. पडद्याच्या जागी कपाटं उभी राहणार."

हे ऐकलं आणि कवळीवाले हळहळले. थिएटरसाठी नव्हे. ताईसाठी.

ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आईच्या मागे तिनेच त्यांना वाढवलं, शिकवलं, मार्गाला लावलं, आणि हे सगळं एका लाँड्रीत उभं राहून, इस्त्री करून. चाळीस वर्षं झाली, ती त्याच टेबलापाशी उभी आहे. दोन वर्षांपूर्वी एक पोरगी कॅमेरा घेऊन त्या लाँड्रीत आली. म्हणाली, मला इस्त्री करणाऱ्या बाईवर सिनेमा करायचाय. सोबत एक नटी आणली होती. ती नटी पहिल्याच दिवशी वाफेने चक्कर येऊन धाडकन पडली. ताईने तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि "अगं, अशी धरायची, नाहीतर मनगट जाईल," असं म्हणत एक अख्खा शर्ट करून दाखवला. कॅमेरा चालूच होता. दुसऱ्या दिवसापासून नटी म्हणजे ताई.

सिनेमाचं नाव 'सुरकुती'. कुठल्याशा ॲपवर तो दोन आठवडे होता, मग तिथूनही गायब झाला. थिएटरात कधी लागलाच नाही. ताईने तो मोबाइलवर पाहिला होता. "अंगठ्याएवढी दिसत होते रे मी," ती म्हणाली होती. "एकदा मोठ्या पडद्यावर बघायला मिळायला हवा. आपण खरंच तसं काही केलंय का, ते कळेल तरी." बस, एवढंच. पुन्हा तिने विषय काढला नाही. ज्या बाईने आयुष्यात स्वतःसाठी काही म्हणून मागितलं नाही, तिने हे एक मागितलं होतं, आणि तेही भिंतीकडे बघत.

म्हणजे काय, 'सुरकुती'ला पहिला नंबर मिळायला हवा होता आणि तोही यंदाच. पण ग्रुपात तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. नियम चौदा: ॲडमिनने नात्यागोत्यातल्या कोणाच्याही सिनेमाची भलामण करू नये. कवळीवाले नियमाचे पक्के. त्यांनी बेचाळीस सिनेमांच्या यादीत 'सुरकुती' हे नाव गुपचूप टाकलं आणि मूग गिळून बसले.

आता त्या यादीची कथा. दुपारी जेवणाचा डबा खाऊन झाल्यावर, फडताळावर ओळीने मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून कवळीवाल्यांनी मतदानाचा फॉर्म तयार केला. फॉर्म नवीन होता, चालतो की नाही बघायला हवं होतं. झालं! हात सवयीने चालला. यादीत सर्वांत आधी त्यांनी 'चाचणी' असं टाइप केलं, त्याला स्वतःच्या फोनवरून एक मत दिलं, बायकोच्या फोनवरून दुसरं दिलं. दोन्ही मतं बरोबर मोजली गेली. वा! मग त्याखाली बेचाळीस सिनेमांची नावं घातली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, एका आजींची खालची कवळी टोचत होती. त्या गडबडीत त्यांनी फॉर्म ग्रुपात सोडून दिला आणि कानस हातात घेतली. 'चाचणी' पुसायची राहिली ती राहिलीच.

फॉर्मची रचना अशी होती, की जास्त मतांचं नाव आपोआप वर. त्यामुळे सहाशे जाणकारांनी फॉर्म उघडला तेव्हा बेचाळीस सिनेमांना शून्य मतं आणि सगळ्यांच्या डोक्यावर 'चाचणी', मतं दोन.

आता जाणकार माणसाच्या मनात काय येतं? हे कसलं नाव, असं येतं? छे! त्याच्या मनात येतं, अरे बापरे, दोघांनी पाहिला आणि आपण राहिलो.

पहिली प्रतिक्रिया तीन मिनिटांत आली. "'चाचणी'? आधीच पाहिला." पाठोपाठ मत. मग वकीलबाई: "उशिरा का होईना, यादीत आला हे बरं झालं. मला वाटलं होतं डावलला जाणार." त्यानंतर धरणाचं दार उघडावं तसं झालं. कवळी घासून, धुऊन, डबीत घालून कवळीवाल्यांनी फोन पाहिला तेव्हा 'चाचणी'ला एकतीस मतं पडली होती.

त्यांची दातखीळच बसली. नाव काढायला गेले तर फॉर्म म्हणाला, मतदान सुरू झाल्यावर नाव काढता येत नाही. काढायचं तर पडलेली सगळी मतं पुसली जातील. बोट पुढे गेलं होतं हो त्यांचं! पण तेवढ्यात खाली 'सुरकुती' दिसला. सहा मतं. सहा माणसांनी ताईचा सिनेमा पाहिला होता, लक्षात ठेवला होता, आपल्या तीनातलं एक मत त्याला दिलं होतं. ती सहा मतं पुसायला त्यांचं बोट धजेना. राहू दे, ते स्वतःशी म्हणाले, शेवटी मोजताना 'चाचणी' बाजूला काढू. लोकांना काय सांगायचं ते सांगू. लोक काही वेडे नाहीत.

आणि त्यांनी ताबडतोब ग्रुपात खुलासाही टाकला. सरळ, स्वच्छ शब्दांत. "मित्रहो, 'चाचणी' हा सिनेमा नाही. ती चाचणी आहे."

दहा मिनिटांत प्राध्यापकांचं उत्तर आलं. "नेमकं! गेल्या कित्येक वर्षांत ॲडमिनसाहेबांनी लिहिलेलं हे सर्वांत मर्मग्राही वाक्य. 'चाचणी' हा सिनेमा नाहीच. ती चाचणी आहे. आपली, प्रेक्षकांची! सविस्तर उद्या."

दुसऱ्या दिवशी सविस्तर आलं. चौदा परिच्छेद. त्यात म्हटलं होतं, की सुरुवातीचं ते बंद दार आणि त्यानंतरची दीर्घ शांतता यांसाठी प्रेक्षकाची तयारी लागते, आणि ती नसणाऱ्यांना हा सिनेमा 'नसल्यासारखा' वाटेल. 'नसल्यासारखा' हा शब्द कवळीवाल्यांनी तीनदा वाचला. लेखाखाली वाहवांचा पाऊस. कोणाला त्यातला प्रकाश आवडला, कोणाला प्रकाशाचा अभाव. एकाने लिहिलं, की मध्यंतरानंतर सिनेमा किंचित रेंगाळतो. त्यावर दुसरा खवळला, अहो, तो रेंगाळतो म्हणूनच तर तो 'चाचणी'! दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी वकीलबाईंनी नियम नऊ दाखवून दोघांना गप्प केलं.

"अगं, हे बघ काय चाललंय," कवळीवाल्यांनी बायकोपुढे फोन धरला.

बायकोने भाजी चिरता चिरता दोन परिच्छेद वाचले. "चांगला असावा," ती म्हणाली. "आपण कधी पाहणार?"

"अगं, तो नाहीये! तुझ्याच फोनवरून मत दिलंय मी!"

"मला न विचारता?" बायको म्हणाली. मग तिला एकदम सगळं उमगलं आणि सुरी खाली ठेवून ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. आणि ते कांद्यामुळे नव्हतं.

मतदान संपलं. 'चाचणी' १४३. 'सुरकुती' ९६. तिसरा कितीतरी मागे.

शहाण्णव! कवळीवाल्यांनी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. 'चाचणी'वर रणं माजली होती, पण 'सुरकुती'बद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. गाजावाजा न करता, निमूटपणे शहाण्णव माणसांनी ताईला मत दिलं होतं. खरे रसिक असेच असतात, त्यांना वाटलं, आणि त्यांचा ऊर भरून आला. ते तडक लाँड्रीत गेले.

"शहाण्णव?" ताईने इस्त्री उभी केली. "इतक्या जणांनी बघितला? पूर्ण बघितला?"

"मग? त्याशिवाय मत कोण देईल?"

ताईने टेबलावरचाच शर्ट पुन्हा पुढे ओढला, कॉलर पसरली, पाणी शिंपडलं आणि आधीच करून झालेल्या बाहीवरून पुन्हा इस्त्री फिरवली. चाळीस वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

आता मात्र कवळीवाल्यांना मागे हटून चालणार नव्हतं. 'चाचणी' खोटा ठरला की 'सुरकुती' पहिला. त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपात सगळं लिहिलं: कवळी, मेण, लाल पेन, डबी, दोन मतं, सगळं. चूक माझी, असं चार ठिकाणी लिहिलं. 'चाचणी' नावाचा सिनेमा नाही, कधी नव्हता, मी फॉर्म तपासत होतो. अक्षरशः दातांच्या कण्या केल्या.

कोणाला तोंड लपवावंसं वाटेल, कोणी हसेल, कोणी माफी मागेल, असं त्यांना वाटलं होतं. पण माणसाने एकदा चारचौघांत 'पाहिला' म्हटलं की तो 'पाहिला नाही' कसा म्हणणार? त्यांची आणि बायकोची मतं सोडून उरलेले १४१ जण एकदम उसळले.

"म्हणजे मी काय पाहिलं?" आधीचने विचारलं. "मला काय वेड लागलंय? मी तर आधीच पाहिला होता."

"ज्यांना अवघड सिनेमा पेलत नाही," प्राध्यापकांनी लिहिलं, "ते प्रथम त्याला कंटाळवाणा म्हणतात, नंतर तो अस्तित्वातच नाही म्हणतात. कवळीवाले थेट दुसऱ्या पायरीवर पोहोचले, याचं वाईट वाटतं."

वकीलबाई नेहमीप्रमाणे मुद्द्याला हात घालत्या झाल्या. "नियम सात: निकाल लागल्यावर ॲडमिनला तो बदलता येणार नाही. आणि एक साधा प्रश्न. 'चाचणी' बाद झाल्यावर फायदा कोणाचा? दुसऱ्या नंबरच्या सिनेमाचा. ॲडमिनचे त्या सिनेमाशी काही लागेबांधे आहेत का?"

कवळीवाल्यांनी उत्तर लिहायला घेतलं आणि बोट थांबलं. लागेबांधे! ज्या बाईने नऊ वर्षांच्या वयात त्यांना कडेवर घेतलं, तिच्याशी लागेबांधे नाहीत असं कसं लिहिणार? आणि आहेत म्हणावं, तर आधीच शिजलेल्या संशयाला आयती फोडणी. ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला.

अखेर वकीलबाईंनी लोकशाही मार्गाने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. ग्रुपात नवं मतदान ठेवलं: "'चाचणी' हा सिनेमा अस्तित्वात आहे का?" आहे, १८८. नाही, ९. त्या नवांत एक स्वतः कवळीवाले, एक त्यांची बायको. उरलेल्या सातांना लोकांनी मायेने समजावलं, की पाहा एकदा, मग बोला. दुसऱ्या दिवशी त्या सातांतल्या चौघांनी पाहिला.

इकडे मॅनेजरांचा फोन. "अहो, रविवारी दहाला खेळ आहे. बाहेर पाटीपण रंगवली, 'चाचणी' म्हणून. सिनेमा कधी आणून देताय?"

कवळीवाले डोकं धरून बसले. समोर अकरा जबडे ओळीने दात विचकत होते. बायको डबा घेऊन आली, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? त्यांना 'चाचणी' बघायचाय, ताईंना 'सुरकुती' बघायचाय. एकच लावा."

"अगं, वेडी आहेस का? शहाण्णव माणसांनी 'सुरकुती' पाहिलाय! पहिल्या मिनिटाला ओळखतील. उभे राहून ओरडतील, की अहो, हा तर 'सुरकुती'!"

"मग ओरडू द्या की," बायको म्हणाली. "ताईंच्या देखतच ओरडतील. त्याहून चांगलं काय?"

कवळीवाले बघतच राहिले. पंचवीस वर्षं संसार केला, पण या बाईच्या डोक्यात एवढं चालत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी तिथूनच त्या सिनेमावाल्या पोरीला फोन लावला. तिला आधी काही कळेचना, आणि कळलं तेव्हा ती बराच वेळ हसत राहिली. "लावा हो काका, बिनधास्त लावा. सुरुवातीला नावंबिवं काही नाहीत. सिनेमाचं नाव, माणसांची नावं, सगळं शेवटी येतं. पण ताईंना मात्र पुढून तिसऱ्या रांगेच्या आत बसवू नका, मान दुखते."

खेळाची घोषणा झाली आणि ग्रुपात एक गंमत झाली. दोन दिवस सन्नाटा. मग एकेकाची अडचण यायला लागली: कोणाचा पाहुणा, कोणाची पाठ, कोणाचं गावाला जाणं. पण न येणाऱ्याकडे बाकीचे कसे बघतील, हेही प्रत्येकाला कळत होतं. शनिवारपर्यंत सगळ्यांच्या पाठी बऱ्या झाल्या.

रविवारी थिएटर निम्म्याहून जास्त भरलं. ताई नवे कपडे घालून आली होती, केस नीट बांधले होते. दारातली पाटी वाचून ती थांबली. "बारक्या, हे 'चाचणी' काय आहे?"

अठ्ठेचाळीस वर्षांचे बारक्या म्हणाले, "ते या लोकांनी ठेवलेलं नाव आहे गं. चल आत."

आत बसल्यावर ताईने मान वळवून सगळीकडे पाहिलं. "यातले ते शहाण्णव कोण?"

"थांब ना. सिनेमा सुरू झाला की आपोआप कळेल."

अंधार झाला. पडद्यावर लाँड्रीचं बंद शटर दिसलं. बराच वेळ नुसतं शटर. मागच्या रांगेतून प्राध्यापकांचा खुशीतला आवाज आला, "बघा! दार! मी लिहिलं होतं!" आणि खुर्च्यांमधून सुटकेचा एक मोठा सुस्कारा निघाला. १४१ जणांच्या जिवात जीव आला. आहे बाबा, सिनेमा आहे!

मग शटर वर गेलं आणि ताई आली. दोन मजली ताई. डोक्याला फडकं बांधलेलं, वाफेने तोंड लाल झालेलं, हात असे, की एकेका बोटाच्या पेरावर वर्षं मोजावीत. कवळीवाल्यांना शेजारी बघायचं धाडस होईना. ते कान टवकारून बसले होते. आता कोणीतरी उठेल. आता कोणीतरी म्हणेल. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पडद्यावर ताई चादरीची घडी घालत एकटीच बडबडत होती, भावाच्या फीबद्दल, मेलेल्या आईबद्दल, आणि हे सगळं तिचं स्वतःचं होतं, कोणी लिहून दिलेलं नव्हतं. थिएटरात कुठेतरी कोणी नाक ओढलं. मध्यंतरात लोक बाहेर जाऊन आले, ताईच्या गुडघ्यांना घासून गेले, "जरा सरकता का?" म्हणाले. तोंडाकडे एकानेही बघितलं नाही.

दीड तासाने पडदा काळा झाला, दिवे लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटा नाही हं, अगदी मनापासूनचा. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मोठं नाव उमटलं, 'सुरकुती', आणि त्याच क्षणी सगळं थिएटर पडद्याकडे पाठ करून उभं राहिलं. कारण आता मतं द्यायची वेळ होती, आणि मतं देताना माणूस तोंड एकमेकांकडे करतो.

"दुसऱ्यांदा पाहताना आणखीच उलगडतो," आधीच म्हणाला. मग शेजारी बसलेल्या ताईकडे वाकून त्याने कौतुकाने विचारलं, "तुम्ही काय, पहिल्यांदाच?"

"हो," ताई म्हणाली. "पहिल्यांदाच."

वकीलबाई दोन खुर्च्या ओलांडून आल्या. "काय कवळीवाले? पटलं ना आता? म्हणे अस्तित्वातच नाही!"

"नशीब म्हणायचं," प्राध्यापक रुमालाने चष्मा पुसत म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. "नाहीतर आज तो दुसऱ्या नंबरचा बघत बसावा लागला असता. 'सुरकुती'."

कवळीवाल्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही पाहिलाय तो?"

"मत दिलंय म्हणजे काय! वार्धक्यावरचा आहे. दोन तास नुसत्या म्हाताऱ्या खिडकीत बसून रडतात. बरा आहे, पण 'चाचणी'ची सर नाही."

"अगदी," वकीलबाई म्हणाल्या. "मीही मत दिलं. पण फारच रडका."

"आधीच पाहिला," आधीच म्हणाला. "त्या म्हाताऱ्या छान आहेत."

कवळीवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. शहाण्णव. त्यांनी मनात त्या शहाण्णव माणसांना घर दिलं होतं, चेहरे दिले होते, ताईला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. एकसुद्धा नव्हता. आणि आज, या क्षणी, ज्यांनी तिला पाहिलं, जे तिच्यासाठी रडले, ते पडद्याकडे पाठ करून तिच्याच तोंडावर तिला नावं ठेवत होते. त्यांचं डोकं भणाणलं. नियम सात गेला चुलीत आणि नियम चौदाही! ते ताडकन उठले. आता ते ओरडणार होते, की अहो, मागे वळा, वाचा तरी, दोनशे जाणकारांत वाचता येणारा एक तरी आहे का?

ताईने त्यांची बाही धरून खाली ओढली. तिचं लक्ष यांच्यात कोणाकडेच नव्हतं. पडद्यावर नावं वर सरकत होती: आवाज, प्रकाश, गाडी चालवणारे, जेवण देणारे. ताई ती सगळी एकेक करून ओठ हलवत वाचत होती, आणि मध्ये कोणाचं डोकं आलं की मान तिरकी करत होती.

"बस खाली, बारक्या," ती म्हणाली. "माझं नाव यायचंय अजून."